एक वाजताचे निरोप

एकतीस वर्षं मी दुपारी एकला माइक उघडत आले
पातागोनियाच्या या पठारावर,
जिथे शेजार म्हणजे चार कोस
आणि मध्ये वारा, मेंढ्या, परत वारा.

"लागुना सेकाच्या बेलार्मिनो कायून यांना:
आई दवाखान्यात आहे. असाल तसे खाली या."
"एउलोजिओ यांना: गुरुवारच्या बसने येतेय.
फाटकाशी घोडा घेऊन थांबा,
सोबत पिठाचं पोतं आहे. तुमची बहीण."

निरोप एकाचा, ऐकणारे सगळे.
आमच्याकडे भिंती थोड्या,
पण कान अख्ख्या खोऱ्याला.

त्या दिवशी बेलार्मिनोच्या रेडिओची बॅटरी मेलेली.
पलीकडच्या उतारावर ओदिलियाने ऐकलं,
माटेचा पेला तसाच चुलीशी ठेवला,
खोगीर कसलं.
कुंपणावरून नऊ वर्षं ज्याच्याशी अबोला
त्याच्या दारात घोड्यावरूनच म्हणाली,
"तुझी आई,"
आणि मागे फिरली.

उगाच गोडवे गात नाही.
"दारू सोड, मग परत येईन"
हेही मीच वाचलंय, ठणठणीत आवाजात,
आणि तो माणूस पुढे महिनाभर
दुकानात मीठ घ्यायलाही आला नाही.
दर शुक्रवारी एक चिठ्ठी असायची:
"तांबडी घोडी आता बरी आहे."
सही नाही.
मी वाचायची, पुढची चिठ्ठी घ्यायची.
त्या वाटेवर कुणाकडेच तांबडी घोडी नव्हती
हे मला फार उशिरा कळलं.
ज्या कुणी ती लिहिली
तिच्या हाती तेव्हा फोन असता
तर तिला घोडी लागली नसती.
एवढं कबूल.

मग टेकडीवर मनोरा आला,
छपरांवर पांढऱ्या थाळ्या.
चिठ्ठ्या चाळीसच्या अकरा झाल्या,
अकराच्या तीन,
मग नुसतं एक हरवलेलं कुत्रं.

ओदिलिया गेली तेव्हा भाचीने फोटो टाकला.
दोनशे सहा रडके चेहरे उमटले त्याखाली.
खड्ड्याशी आम्ही सहा.
माती लोटून झाल्यावर बेलार्मिनो आला, घोड्यावर.
त्याच्याकडे फोन नाही.
पोस्टाच्या गाडीवाल्याकडून कळलं, म्हणाला.
माझ्याकडे बघितलं नाही त्याने.
बघायला हवं होतं.
मी तरी कुठे वाचलं होतं?
मला वाटलं, सगळ्यांना माहीतच असणार.

जूनमध्ये एका रात्री धरण फुटलं.
म्हणजे फोनमध्ये फुटलं.
तपकिरी पाणी, वाहत जाणारी गाडी,
कुणीतरी किंचाळतंय
आमच्यातल्या कुणालाच न येणाऱ्या भाषेत.
पण भाषा कोण बघतो?
पोरं, म्हातारे, दोन-दोन कोकरं काखेत घेऊन
लोक बर्फात कड्याकडे सुटले.

स्टेशनचा फोन वाजायला लागला.
थांबेचना.
माझ्याकडे बातमी नव्हती,
राजधानीतून कागद नव्हता, काहीच नव्हतं.
नवा पोरगा इग्नासिओ म्हणाला, थांबूया, खात्री होऊ दे.
मी विजेरी घेतली, पुलापर्यंत चालत गेले,
कठड्यावरून वाकून पाहिलं,
परत आले, माइक उघडला.

"सगळ्या रहिवाशांना:
मी नेलिदा. आत्ता पुलावरून आलेय.
नदी जिथे होती तिथेच आहे.
माझे बूट कोरडे आहेत."

काही परतले.
काही म्हणाले, म्हातारी काय सांगते,
व्हिडिओत तर दिसतंय.
ते उजाडेपर्यंत वर बसून राहिले,
त्यातलं एक लेकरू अजून खोकतंय.

आज पेटीत एक चिठ्ठी होती.
पेन्सिल, थरथरतं अक्षर, सही नाही.
इग्नासिओ म्हणाला, हे काय, जाहिरात?
मी चष्मा पुसला.
एक वाजला.

"ज्याला कळायचं त्याला:
तांबडी घोडी म्हातारी झाली.
आहे अजून."